अभियांत्रिकी शिक्षणातील अभ्यासपद्धती व परीक्षातंत्र

अभियांत्रिकी पदवी व पदविका अभ्यासक्रमांतील विद्यार्थी विषय आत्मसात करण्यासाठी ज्या रीती वापरतात, सत्राच्या वेळेची जी आखणी करतात आणि लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांना ज्या कौशल्यांनी सामोरे जातात, त्या सर्वांचा विचार अभ्यासपद्धती व परीक्षातंत्र या विषयात होतो. या विषयाचा एक भाग स्मरण व अध्ययन यांविषयीच्या मानसशास्त्रीय संशोधनावर आधारलेला आहे. दुसरा भाग शिक्षक व विद्यार्थी यांच्या अनुभवातून घडला आहे. अभियांत्रिकीत अनुत्तीर्ण होणाऱ्यांमध्ये तासन्‌तास वाचन करणारे विद्यार्थीही पुष्कळ असतात. पुस्तकातील सोडविलेले उदाहरण वाचताना ते समजते. परंतु तेच उदाहरण आकडे बदलून कोऱ्या कागदावर आले की पहिली ओळ सुचत नाही. समजणे आणि करता येणे यांमधील हे अंतर कसे भरून काढावे, हा अभ्यासपद्धतीचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

## बारावीपासून प्रथम वर्षापर्यंत

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटी या परीक्षेतून होतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांवरील १५० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि चुकीच्या उत्तराला ऋण गुण नाहीत, असे या परीक्षेचे स्वरूप आहे. अशा परीक्षेसाठी दोन वर्षे तयारी केलेल्या विद्यार्थ्याला योग्य उत्तर ओळखण्याची सवय लागते. प्रथम वर्षाची विद्यापीठीय परीक्षा मात्र उत्तर घडविण्यास सांगते. आकृती काढणे, गृहीतके मांडणे, समीकरणे लिहिणे व एककांसह निष्कर्षापर्यंत पोहोचणे ही सारी वाट कागदावर दिसावी लागते आणि गुण त्या वाटेलाच अधिक असतात.

दुसरा बदल देखरेखीचा आहे. कनिष्ठ महाविद्यालय व खाजगी शिकवणी यांच्या वेळापत्रकात बांधलेला विद्यार्थी एकाएकी वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत येतो. तेथे रोजचा अभ्यास कोणी विचारीत नाही. अभियांत्रिकी गणित, अभियांत्रिकी यांत्रिकी, अभियांत्रिकी आलेखन आणि विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे असे विषय एकाच वेळी सुरू होतात व त्यांपैकी प्रत्येक विषय मागील पाठावर रचलेला असतो. आंशिक विकलन कच्चे राहिलेल्या विद्यार्थ्याला पुढे बहुचल फलांचे महत्तम-लघुतम मूल्य काढता येत नाही. सदिशांचे घटक पाडता न येणाऱ्याला समतोलाची समीकरणे मांडता येत नाहीत. इतिहासाचे एक प्रकरण सोडून दुसरे वाचता येते, तसे येथे चालत नाही.

## परीक्षांचे स्वरूप

परीक्षेचा आराखडा विद्यापीठानुसार वेगळा असतो आणि अभ्यासाची आखणी त्यावर अवलंबून राहते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात बहुतेक विषयांना सत्राच्या मध्यावर ३० गुणांची एक तासाची ‘इन-सेम’ आणि सत्राच्या शेवटी ७० गुणांची अडीच तासांची ‘एंड-सेम’ परीक्षा ठेवण्यात आली. तीत प्रश्न जोडीने येतात व जोडीतील एक सोडवावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या ८० गुणांच्या तीन तासांच्या परिचित आराखड्यात पहिला प्रश्न अनिवार्य आणि उरलेल्या पाचांपैकी कोणतेही तीन, असे चार प्रश्न प्रत्येकी २० गुणांचे असतात. जोडीतील निवड असलेल्या पत्रिकेत एखादे प्रकरण पूर्ण सोडून देणे महागात पडते, कारण बहुधा जोडीतील दोन्ही प्रश्न त्याच प्रकरणावर येतात. ‘कोणतेही तीन’ या आराखड्यात थोडी सूट मिळते; परंतु अनिवार्य प्रश्न सर्व प्रकरणांतून लहान लहान उपप्रश्न घेत असल्याने तीही पुरती नसते.

राहिलेल्या विषयासह पुढील वर्गात जाण्याच्या सवलतीला विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘केटी’ म्हणतात. किती विषय राहिले तर पुढे जाता येते, याचे नियम विद्यापीठागणिक व वर्षागणिक बदलतात. केटीचा खरा भार पुढील सत्रात जाणवतो: नव्या पाच-सहा विषयांसोबत जुना विषय पुन्हा उभा राहतो आणि त्याचे तास आता वेळापत्रकात नसतात. संख्या मर्यादेबाहेर गेली तर वर्ष जाते. त्याचे परिणाम शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि नोकरीसाठी महाविद्यालयात येणाऱ्या कंपन्यांच्या निकषांवर होतात. कर्ज काढून किंवा शेतीच्या उत्पन्नातून मुलाचे शुल्क भरणाऱ्या कुटुंबाला हे वर्ष फार जड जाते.

## ओळखणे आणि आठवणे

विस्मरणाचा पहिला पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी केला व तो १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते स्वतःच पाठ करीत आणि ठरावीक काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम कमी पडतात, हे मोजीत. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के आणि एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आढळली. त्यानंतरची घसरण मात्र मंद होती. निरर्थक अक्षरे आणि अर्थपूर्ण पाठ यांत फरक आहे, हे खरे; तरीही पहिल्याच दिवशी बरेचसे निसटते, ही गोष्ट कोणत्याही वर्गातील तासाला लागू पडते.

परीक्षेच्या तयारीसाठी याहून महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांचा, २००६ सालचा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. नंतर एका गटाने तो पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन करणारे सरस ठरले: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के व आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला. परीक्षेच्या सकाळी पाने चाळणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सगळे येते’ असे का वाटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. नुकतेच वाचलेले परिचित वाटते आणि त्या परिचयालाच ज्ञान मानले जाते.

जॉन डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा प्रचलित अभ्यासपद्धतींवरील संशोधनाचा आढावा घेतला. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे या दोनच पद्धतींना त्यांनी उच्च उपयुक्ततेचा दर्जा दिला. ओळी अधोरेखित करणे, पुन्हा पुन्हा वाचणे आणि सारांश लिहिणे या, विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत प्रिय असलेल्या रीती, कमी उपयुक्त ठरल्या. रंगीत पेनांनी सजलेले पुस्तक अभ्यासाचा पुरावा म्हणून घरच्यांना दाखविता येते. परीक्षागृहात ते सोबत नसते.

गणिती विषयांसाठी आणखी एक निष्कर्ष विशेष उपयोगी आहे. डग रोरर व केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढावयास शिकविले. एका गटाने एका आकृतीची सर्व उदाहरणे संपवून पुढची आकृती घेतली. दुसऱ्या गटाला चारही आकृतींची उदाहरणे मिसळून दिली. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के आणि दुसऱ्याची ६० टक्के उत्तरे बरोबर आली. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर आला व दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. एकाच प्रकारची दहा उदाहरणे ओळीने सोडविताना कोणते सूत्र वापरावे, हा प्रश्नच पडत नाही, कारण ते प्रकरणाच्या शीर्षकावरूनच ठाऊक असते. परीक्षेत शीर्षक नसते. कोणत्या प्रश्नाला कोणती रीत लागू पडते, हे ठरविण्याचा सराव उदाहरणे मिसळल्यावरच होतो.

या तिन्ही गोष्टी अभियांत्रिकीच्या अभ्यासात आणणे अवघड नाही. वर्गात झालेला भाग त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर दहा मिनिटे लिहून पाहावा. जे आठवले नाही तेवढेच वहीत शोधावे. दोन-तीन दिवसांनी त्यातील एक उदाहरण उत्तर झाकून सोडवावे. आठवड्याच्या शेवटी त्या आठवड्यातील सर्व विषयांची एकेक उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून, चिठ्ठी उचलून सोडवावीत. परीक्षा जितकी दूर असेल तितके उजळणींमधील अंतर मोठे ठेवता येते. अशा सरावात चुका अधिक होतात व वाचनापेक्षा तो कष्टाचा वाटतो. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ च्या एका अभ्यासात स्वतः प्रश्न सोडवीत शिकलेल्या विद्यार्थ्यांची चाचणीतील प्रगती अधिक होती. परंतु आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटत होते. पद्धत सोडून देण्याचा मोह याच ठिकाणी होतो.

## उदाहरण सोडविण्याची रीत

हंगेरियन गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात प्रश्नसोडवणुकीचे चार टप्पे सांगितले आहेत: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, योजना पार पाडणे आणि मागे वळून उत्तर तपासणे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बहुधा तिसऱ्या टप्प्यापासून प्रारंभ करतात. दिलेले आकडे दिसताच ते बसतील असे सूत्र शोधले जाते.

साध्या तुळईचे उदाहरण घेता येईल. दोन्ही टोकांना साधा आधार असलेल्या ४ मीटर लांबीच्या तुळईच्या मध्यावर २० किलोन्यूटन भार आहे व महत्तम नमन-आघूर्ण, म्हणजेच विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेले ‘बेंडिंग मोमेंट’, काढावयाचे आहे. आकृती काढून समतोल मांडला की प्रत्येक आधाराची प्रतिक्रिया १० किलोन्यूटन येते आणि मध्यावरील आघूर्ण १० गुणिले २, म्हणजे २० किलोन्यूटन-मीटर. केवळ पाठांतरावर विसंबलेला विद्यार्थी येथे एकसमान विभागलेल्या भाराचे सूत्र वापरतो: भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले ८. उत्तर ४० येते. ते चूक आहे हे सांगण्यास शिक्षकाची गरज नाही. बिंदुभार किलोन्यूटनमध्ये असल्याने या उत्तराचे एकक किलोन्यूटन-मीटर वर्ग होते आणि आघूर्णाचे एकक तसे असू शकत नाही. विभागलेल्या भारात भार प्रति मीटर असतो, म्हणून तेथे लांबीचा वर्ग शोभतो. प्रतिक्रियांची बेरीज एकूण भाराइतकी आहे ना, साध्या आधारांवर आघूर्ण शून्य येते ना आणि एकके जुळतात ना, या तीन तपासण्यांना एक मिनिटही लागत नाही.

सोडविलेली उदाहरणे वाचणे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर व ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरील प्रयोगांत दाखविले की, नवशिक्याला आरंभी सोडविलेल्या उदाहरणांचा अभ्यास केल्याने लाभ होतो. अनोळखी प्रश्नाशी झटापट करण्यात त्याच्या कार्यकारी स्मृतीवर अनावश्यक भार पडतो. म्हणून क्रम असा ठेवणे हितकर असते: एक सोडविलेले उदाहरण प्रत्येक पायरीचे कारण स्वतःला सांगत वाचावे, दुसरे अर्धे झाकून पूर्ण करावे आणि तिसरे केवळ प्रश्न पाहून सोडवावे. बाजारात मिळणाऱ्या, मागील वर्षांच्या प्रश्नांची तयार उत्तरे देणाऱ्या पुस्तकांचा उपयोगही याच रीतीने करता येतो. ती कादंबरीप्रमाणे वाचली जातात, तेव्हाच त्यांचा तोटा होतो.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड फेल्डर यांनी १९९९ मध्ये, परीक्षेतील गुणांनी निराश झालेल्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण लिहिले. होय-नाही उत्तरांची प्रश्नावली असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील एक सूचना वेळेच्या दृष्टीने मोलाची आहे: पुष्कळ उदाहरणांची केवळ मांडणी करावी, आकडेमोड करू नये. ऊष्मागतिकीचे एक उदाहरण शेवटच्या दशांशापर्यंत नेण्यास पाऊण तास लागतो. त्याच वेळात पाच-सहा उदाहरणांच्या आकृती, गृहीतके व समीकरणांचा क्रम लिहून होतो. आठवड्यातून दोन-तीन उदाहरणे मात्र शेवटपर्यंत नेली पाहिजेत, कारण गणकयंत्रावरील सफाई मांडणीतून येत नाही.

## भाषा व टिपणे

दहावी किंवा बारावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यांसमोर परिभाषेचा वेगळा अडसर असतो. ‘संवेग’ आणि ‘आघूर्ण’ या संज्ञांमध्ये त्याचा कधी गोंधळ झालेला नसतो. ‘मोमेंटम’ आणि ‘मोमेंट’ या शब्दांत मात्र तो होतो. ‘प्रतिबल’ व ‘विकृती’ यांचा भेद कानालाच कळतो. ‘स्ट्रेस’ व ‘स्ट्रेन’ घाईत एकमेकांच्या जागी लिहिले जातात. इंग्रजीची भीती बाळगणारे कित्येक विद्यार्थी व्याख्या शब्दशः पाठ करतात. एक शब्द विसरला की पुढचे सारे वाक्य हरवते, आणि अर्थ कोणत्याच भाषेत समजलेला नसल्याने ते पुन्हा उभे करता येत नाही.

यावर उपाय म्हणून विषयवार दुभाषी शब्दसूची वहीच्या मागील पानांवर करीत जाण्याची रीत उपयोगी पडते. राज्याच्या भाषा संचालनालयाने स्थापत्य, यंत्र, विद्युत इत्यादी शाखांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. ग्रंथालयात ते बहुधा कोणी न उघडलेल्या स्थितीत असतात. संकल्पना प्रथम मराठीत, सोबत्याला सांगावी तशी मांडावी आणि नंतर तीच तीन-चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहावी. तांत्रिक उत्तरात अलंकारिक इंग्रजीची अपेक्षा नसते. लहान वाक्य, अचूक संज्ञा आणि नावे दिलेली आकृती एवढ्यावर उत्तर पुरे होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून काही महाविद्यालयांना मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची मुभा दिली आहे. तथापि राज्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची परीक्षा आजही इंग्रजीतच होते.

टिपणांसाठी कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली मांडणी प्रसिद्ध आहे. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना सोडून त्यात नंतर प्रश्न लिहावयाचे, उजवीकडे तासातील मजकूर आणि तळाशी दोन ओळींचा सार. डाव्या रकान्यातील प्रश्न वाचून उजवी बाजू झाकून उत्तर देता येते, हा तिचा खरा फायदा आहे. फळ्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीत ठेवल्याने टिपण होत नाही.

## गटाने अभ्यास

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्रिझमन यांनी कलनशास्त्राच्या वर्गातील २० कृष्णवर्णीय व २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे निरीक्षण केले. पहिल्या गटाच्या अपयशाचे कारण पूर्वतयारी, कौटुंबिक स्थिती किंवा जिद्द यांत असावे, असे प्राध्यापकांना वाटत होते. निरीक्षणात निराळेच आढळले. कृष्णवर्णीय विद्यार्थी नेमाने, पण जवळजवळ नेहमी एकटे अभ्यास करीत. आपण कोठे मागे पडत आहोत, हे त्यांना परीक्षेतच कळे. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे उदाहरणे सोडवीत आणि मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत. एखादा प्रश्न कोणालाच आला नाही तर तो खरोखर कठीण आहे, हे समजे. इतरांना आला तर चूक तेथल्या तेथे दुरुस्त होई. ट्रिझमन यांनी नंतर सुरू केलेल्या कार्यशाळांत कच्च्या विद्यार्थ्यांची शिकवणी नव्हती. तेथे कठीण प्रश्न गटाने सोडविले जात, व त्यात सहभागी झालेल्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

गावाकडून शहरात आलेला, पहिल्या पिढीतील विद्यार्थी पुष्कळदा असाच एकटा पडतो. आपल्याला येत नाही हे उघड होईल, या संकोचाने तो शंका विचारीत नाही. तीन ते पाच जणांचा गट, आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा आणि आधी प्रत्येकाने स्वतः प्रयत्न करून यावे एवढा एक नियम पुरतो. हा नियम सुटला की गट एकाचे ऐकणारा वर्ग बनतो किंवा चहाच्या टपरीवर विसर्जित होतो.

## सत्राची आखणी

अभियांत्रिकीचे सत्र चौदा-पंधरा आठवड्यांचे असले, तरी त्याचा शेवटचा भाग ‘सबमिशन’ खाऊन टाकते. प्रयोगवह्या, आलेखनाचे तक्ते व स्वाध्याय यांवर सह्या मिळविण्याची धांदल या काळात असते. दुसऱ्याची वही उतरविण्याला विद्यार्थी ‘छापणे’ म्हणतात. तक्ता काचेवर ठेवून, खालून दिवा लावून गिरविण्याला ‘जी.टी.’ म्हणजे ग्लास ट्रेसिंग असे नाव आहे. गिरविलेल्या तक्त्यावर सही मिळते; परंतु प्रक्षेपाची कल्पना डोळ्यांसमोर उभी राहत नाही व आलेखनाच्या परीक्षेत काच नसते. प्रयोग झाल्याच्या आठवड्यातच वही पूर्ण करणाऱ्यास अखेरचे दोन-तीन आठवडे अभ्यासासाठी मोकळे मिळतात. तोंडी परीक्षेत विचारले जाणारे बहुतेक प्रश्नही याच वहीतील ‘असे का केले’ या प्रकारचे असतात.

परीक्षेपूर्वीच्या सुट्टीत, म्हणजे ‘पी.एल.’मध्ये, नवे प्रकरण प्रथमच उघडण्याची पाळी येऊ नये, अशी आखणी असावी. या काळाचे उत्तम काम म्हणजे मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविणे. दोन पेपरांमध्ये एखाद-दुसराच दिवस असेल, तर त्या दिवसासाठी सूत्रे व नेहमी होणाऱ्या चुका यांचे एक पान विषयवार आधीच तयार असले पाहिजे.

रात्रभर जागून वाचण्याला वसतिगृहांत ‘नाईट मारणे’ म्हणतात व त्यात थोडी प्रौढीही असते. जेंकिन्स व डालेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखविले होते की, शिकल्यानंतर झोप घेतल्यास, तेवढाच काळ जागे राहण्यापेक्षा विस्मरण कमी होते. सिद्धान्ताच्या पेपरात जागरण कसेबसे निभावते. गणिती पेपरात मात्र थकलेले मन चिन्ह चुकविते, आकडा उतरविताना उलटा लिहिते आणि झालेली चूक पाहूनही ओळखत नाही.

## परीक्षागृहात

पुणे विद्यापीठाच्या वर सांगितलेल्या ७० गुणांच्या पत्रिकेस १५० मिनिटे मिळतात. वाचन व तपासणीसाठी १० मिनिटे राखली तर प्रत्येक गुणास दोन मिनिटे येतात. मुंबईच्या ८० गुणांच्या पत्रिकेत १८० मिनिटांतून १५ मिनिटे वजा केली तरी साधारण तेच प्रमाण पडते. म्हणजे ६ गुणांच्या उपप्रश्नास १२ मिनिटे. विसाव्या मिनिटालाही तो सुटत नसेल, तर जागा सोडून पुढे जाणे शहाणपणाचे असते. शेवटच्या न सुटणाऱ्या दोन गुणांसाठी पुढचा सहा गुणांचा सोपा प्रश्न हातचा जाण्याची उदाहरणे दर परीक्षेत घडतात.

पत्रिका हाती आल्यावर जोड्यांतील निवड प्रथम करावी व पेन्सिलीने खूण करावी. आरंभ हमखास येणाऱ्या प्रश्नाने केल्यास हात स्थिर होतो. प्रत्येक उदाहरणात दिलेल्या राशी, आकृती, गृहीतके, सूत्र, एककांसह आकडे आणि चौकटीत उत्तर हा क्रम ठेवला तर, अंतिम आकडा चुकला तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. नुसते उत्तर लिहिणाऱ्यास तो लाभ होत नाही. मधल्या पायरीचा आकडा मिळतच नसेल, तर योग्य वाटणारे मूल्य गृहीत धरल्याचे स्पष्ट लिहून पुढील भाग सोडविता येतो. गणकयंत्र अंशात आहे की रेडियनमध्ये, हे पेपर सुरू होण्यापूर्वीच पाहावे. या एका बटणाने बुडालेले पेपर थोडे नाहीत. वाफेचे तक्ते, आलेखकागद किंवा आयएस ४५६ सारखी संहिता नेण्याची परवानगी असेल, तर तिच्या पानांशी आधीची ओळख हवी. संहिता परीक्षागृहात प्रथमच उघडणाऱ्यास ती जवळ असून नसल्यासारखीच असते.

पहिले सुचलेले उत्तर बदलू नये, हा समज विद्यार्थ्यांत व शिक्षकांतही दृढ आहे. जस्टिन क्रुगर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बहुपर्यायी उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासली, तेव्हा चुकीचे उत्तर बदलून बरोबर केल्याची उदाहरणे त्याच्या उलट प्रकारापेक्षा अधिक आढळली. बरोबर उत्तर बदलल्याचा पश्चात्ताप अधिक बोचतो, म्हणून तेवढेच लक्षात राहते. ठोस कारण सापडले असेल तर उत्तर बदलावे.

पदवीनंतरच्या गेट परीक्षेत ६५ प्रश्न, १०० गुण व तीन तास असतात. तेथे अंदाजाचे गणित करता येते. एक गुणाच्या चार पर्यायी प्रश्नात चुकीस एक तृतीयांश गुण वजा होतो. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना केलेल्या अंदाजाची सरासरी प्राप्ती शून्य असते. एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला तर ती एक नवमांश गुण, म्हणजे लाभाची होते. संख्यात्मक उत्तराच्या व एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांना ऋण गुण नसतात, त्यामुळे ते कोरे सोडण्यात काहीच हशील नाही.

## निकालानंतर

अनुत्तीर्ण विषयाचा पुढील प्रयत्न बहुधा पूर्वीच्याच रीतीने, केवळ अधिक तास देऊन केला जातो. विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळविण्याची सोय असते. ती पुनर्मूल्यांकनाच्या आशेने मागविली जाते आणि गुण वाढणार नाहीत असे दिसताच बाजूला पडते. वास्तविक अभ्यासासाठी तिच्यासारखे साधन नाही. गेलेला प्रत्येक गुण कोणत्या कारणाने गेला, याची वर्गवारी करता येते: प्रश्न समजला नाही, रीत ठाऊक नव्हती, रीत ठाऊक होती पण आकडेमोड चुकली, किंवा वेळ पुरला नाही. पहिल्या दोन प्रकारच्या चुकांसाठी मूळ संकल्पनेकडे परत जावे लागते. तिसऱ्यासाठी तपासणीची सवय आणि चौथ्यासाठी घड्याळ लावून केलेला सराव लागतो. चाळीसपैकी तीस गुण आकडेमोडीत गमावणाऱ्याने संपूर्ण पुस्तक पुन्हा वाचण्याचे कारण नाही.

## मतभेद व मर्यादा

अध्ययनशैलींचा सिद्धान्त अभियांत्रिकी शिक्षणात बराच काळ लोकप्रिय होता. वर उल्लेखिलेले फेल्डर व लिंडा सिल्व्हरमन यांचा १९८८ चा या विषयावरील लेख पुष्कळ उद्धृत झाला. कोणी पाहून, कोणी ऐकून अधिक शिकतो व त्यानुसार शिकवावे, या कल्पनेचा हॅरल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आढावा घेतला असता तिला पुरेसा आधार आढळला नाही. ‘मी ऐकून शिकणारा आहे’ असे मानून आकृती टाळणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यामुळे नुकसानच होते.

स्मरणावरील बहुतेक प्रयोग लहान उतारे व अल्प कालावधी यांवर झालेले आहेत. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. शिवाय अभ्यासाचा सारा भार विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. केवळ व्याख्यान ऐकविणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के आणि विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्न सोडवावयास लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. फळ्यावरील उदाहरण उतरवून घेण्यातच तास संपत असेल, तर ते स्वतः सोडवून पाहण्याचे काम विद्यार्थ्याकडे उरते, आणि ते कसे करावे, हे त्याला अभ्यासक्रमात कोठेही शिकविलेले नसते.